स्नो-सील मेण: गगनबावड्याच्या पावसात चामड्याचं जॅकेट घालणाऱ्यांसाठी

निकाल आधीच सांगून टाकतो. भुरभुर, धुकं, पुढच्या ट्रकनं उडवलेलं पाणी, एवढ्यासाठी हे मेण झकास आहे. गगनबावड्याहून कोकणात उतरणाऱ्या करूळ घाटातल्या जुलैसाठी नाही. त्या पावसाला पुरेल असं मेण मला तरी कुठं मिळालेलं नाही. ज्यांना घ्यायचं की नाही एवढंच बघायचं होतं, त्यांचं काम इथंच झालं.

मी मोटर विम्याचा सर्व्हेअर. कोल्हापूर, कळे, साळवण, गगनबावडा आणि घाट उतरून वैभववाडी-कणकवली हा माझा नेहमीचा पट्टा, तोही बुलेटवर. घसरलेल्या गाड्या बघणं हाच धंदा असल्यामुळं "पावसाळ्यात चामडं कशाला, विंडचीटर घाल की" हा सल्ला माझ्या पचनी पडत नाही. डांबरावर अंग घासलं की पातळ नायलॉन क्षणात फाटतं आणि वितळून कातडीला चिकटतं. जाड चामडं झिजायला वेळ घेतं, आणि तेवढ्या वेळात गाडी आणि माणूस दोघंही थांबलेले असतात. चांगली कापडी रायडिंग जॅकेटंही असतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण चामड्याचं ज्यांच्याकडं आहे त्यांनी ते जून ते सप्टेंबर कपाटात ठेवायचं काय?

माझं जॅकेट धारावीतून मापानं शिवून घेतलेलं आहे. म्हशीचं चामडं, साधारण सव्वा मिलिमीटर जाड, काळं, वरून रंगाचा थर दिलेलं. हा थर आहे की नाही हे मेण विकत घ्यायच्या आधी बघा. बाहीच्या अंगाकडच्या बाजूला, बाहेरच्या चामड्यावरच, पाण्याचा एक थेंब टाका. तो गोळा होऊन बसला तर थर आहे, मेणाचं काम सोपं. थेंब लगेच आत मुरून डाग गडद झाला तर चामडं उघडं आहे. तिथं मेण जास्त मुरेल आणि रंग कायमचा एक छटा काळवंडेल. तपकिरी जॅकेटवाल्यांनी कॉलरच्या मागं लपेल अशा जागी आधी लावून बघावं. स्वेड किंवा नुबक, म्हणजे मखमली पोताचं चामडं असेल तर या डबीला हातच लावू नका. पोत बसेल आणि परत उठणार नाही.

मेण कसलं, तर मुख्यतः मधमाशीचं. पातळ होण्यापुरतं थोडं द्रावक, ते नंतर उडून जातं. चरबी नाही, सिलिकॉन नाही. हे १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या सिअॅटलच्या एका गिर्यारोहकानं बर्फात चालायच्या बुटांसाठी काढलं, म्हणून नावात बर्फ. बर्फात काय होतं आम्हाला माहीत नाही, पण भिजलेल्या बुटांचं दुःख सगळीकडं सारखंच. आपल्याकडं डबी आयात होऊन येते, त्यामुळं बूटपॉलिशच्या हिशेबानं बघितलं तर महागच. पण २०० ग्रॅमची डबी एका जॅकेटला लवकर संपत नाही.

लावायची पद्धत नीट सांगतो, कारण सगळा खेळ तिथंच आहे. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. गार चामड्यावर चोळलं तर ते वरच बसतं, धूळ धरतं आणि बसल्या जागी खुर्चीला चिकटतं. म्हणून आधी जॅकेटमधले कोपर-खांद्याचे पॅड काढायचे, चामडं ओलसर फडक्यानं पुसून सावलीत पुरतं वाळवायचं. मग केस वाळवायचा ड्रायर मध्यम आचेवर, वीतभर लांबून, एका वेळी तळहाताएवढ्या भागावर फिरवायचा. हाताला कोमट लागलं की पुरे, चटका बसेपर्यंत नाही. मग बोटानंच मेण लावायचं. ते डोळ्यादेखत पातळ होऊन आत जातं. परत जरा ऊब द्यायची, पुढचा तळहात. एक बाही, दुसरी बाही, पाठ. रविवारची सकाळ गेली म्हणून समजा. घरच्यांचा ड्रायर असेल तर आधी विचारा. रात्रभर टांगून ठेवून सकाळी सुती कापडानं उरलेलं मेण पुसून काढायचं, पुसताना हात राखायचा नाही.

शिवणींवर जास्त वेळ घाला. पाणी चामड्यातून कमी आणि सुईच्या भोकांतून जास्त येतं. खांद्याची आणि बाहीची शिवण जुन्या टूथब्रशनं मेण घासून भरली की फरक पहिल्याच पावसात कळतो. चेनच्या दातांवर साधी मेणबत्ती फिरवली तर चेन हलकी चालते, पण पाणी अडत नाही. ते काम चेनच्या मागची चामड्याची पट्टी करते. जॅकेटला ती पट्टी नसेल तर मेणाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. छातीला हवेसाठी बारीक भोकं पाडलेली जॅकेटंही मिळतात. त्यांच्या मालकांनी पैसे रेनकोटात घालावेत.

रस्त्यावर काय होतं? कळ्यापर्यंतच्या सरींत पाणी अळवावरच्या थेंबांसारखं घरंगळून जातं. साळवणच्या पुढं धुकं उतरलं की बाहीवर दव धरतं, झटकलं की गेलं. मेण नसताना हेच जॅकेट गगनबावड्यापर्यंत पाणी पिऊन जड व्हायचं, खांदे ओढले जायचे आणि वाळायला दिवस घ्यायचं. आता वजन वाढत नाही आणि रात्री टांगलेलं सकाळी घालता येतं. माझ्या लेखी डबीचे पैसे इथंच वसूल झाले. पण गगनबावडा हा अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या भागांपैकी एक. तिथं खरी सर धरली की वाऱ्याचा दाब पाणी गळ्यातून आणि चेनमधून आत ढकलतो, मांडीत तळं साठतं आणि ते जॅकेटच्या खालच्या कडेनं वर चढतं. अशा वेळी टपरीवर थांबायचं, चहा घ्यायचा आणि वरून रेनकोट चढवायचा. आणि ग्लोव्हजची मनगटं बाहीच्या आत ठेवायची. बाहेर ठेवली तर बाहीवरून ओघळणारं सगळं पाणी बोटांत जमा होतं.

बाकीचे उपाय थोडक्यात. सिलिकॉनचा फवारा दोन मिनिटांत होतो आणि रंग बदलत नाही, पण लवकर उतरतो, सतत मारावा लागतो. नीट्सफूट तेल, म्हणजे गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल, कोरड्या पडलेल्या चामड्याला जीव देतं, मात्र ते पाणी अडवायला नाही. जास्त झालं तर चामडं लुळं पडतं, आणि लुळं जॅकेट पडताना पॅड जागेवर धरून ठेवत नाही. सर्व्हेअर म्हणून मला हे वंगणबाजीचं वेड बघवत नाही. घरातलं खोबरेल तर नकोच. ते खवट होतं, वास राहतो.

मेणाचा दुसरा फायदा बुरशीत दिसतो. कोकणात उतरणाऱ्या कुणालाही पांढरी-हिरवी बुरशी नवी नाही. मेण लावलेल्या चामड्यात ओल मुरत नाही, त्यामुळं बुरशी कमी धरते. पण जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवलं तर मेणही काही करू शकत नाही, कारण ओल आतल्या अस्तरातून येते. जाड खांद्याच्या हँगरवर, वारं लागेल असं टांगा. कपाटात डांबरगोळ्या ठेवून ओल जात नाही, फक्त अंगाला दवाखान्याचा वास येतो. भिजलेलं जॅकेट गरम सायलेन्सरवर किंवा उन्हात वाळत घालणारेही मी बघितलेत. चामडं आक्रसतं, कडक होतं, आणि मग मेण लावूनही ते सरळ होत नाही.

लावायचा काळ मे अखेर. नंतर थेंब गोळा व्हायचा थांबला की कोपर, खांदे आणि शिवणी एवढ्यावरच परत हात फिरवायचा. उन्हाळ्यात जॅकेट जरा जास्त तापतं, हा तोटा आहे आणि तो मला कोल्हापूरच्या एप्रिलमध्ये जाणवतो.

उरलेलं मेण मी बुटांना आणि टूलबॅगच्या पट्ट्यांना लावतो. शेजारच्या मामांनी पायताणाला लावू का म्हणून विचारलं होतं. मी नको म्हणालो. कोल्हापुरी चपलेचा रंग काळवंडेल, तळ घसरडा होईल आणि पाणी शेवटी कडेच्या थरांतूनच शिरेल. मामांना म्हटलं, पावसाळ्यात रबरी घाला, कोल्हापुरी दिवाळीला बाहेर काढा.