‘ठिकाण कुठेही असो, तिकीट पक्के’

गेल्या आठवड्यात कोल्हापुरातील राजारामपुरीतील एका ओळखीच्या मुलाने फेब्रुवारी-मार्च २०२६ मधील टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या पॅकेजची जाहिरात मला मोबाईलवर दाखवली. ‘फायनलचे ठिकाण कुठेही असो, तिकीट पक्के’ असे तिच्यात लिहिले होते. नेमक्या याच शब्दांवर विश्वास ठेवून आम्ही चौघा मित्रांनी वर्षभरापूर्वी ३ लाख रुपये गमावले, म्हणून झालेला प्रकार सविस्तर लिहीत आहे.

नोव्हेंबर २०२४ मधील गोष्ट आहे. चॅम्पियन्स ट्रॉफीचे यजमानपद पाकिस्तानकडे होते आणि भारतीय संघ तेथे जाणार नाही, असे बीसीसीआयने आयसीसीला कळवले होते. स्पर्धा तीन महिन्यांवर आली तरी वेळापत्रक निघत नव्हते. शाहूपुरीत कार्यालय थाटलेल्या एका टूरवाल्याने, ज्याचे नाव तपास चालू असल्याने लिहीत नाही, आम्हाला समजावले की २०२३ च्या आशिया चषकात भारताचे सामने जसे श्रीलंकेत झाले, तसे या वेळी ते दुबईत होतील, आणि एकदा घोषणा झाली की विमानभाडे आवाक्याबाहेर जाईल. ‘सर, आत्ता निम्म्यात बसतंय,’ असे तो म्हणाला. आम्ही प्रत्येकी २५,००० रुपये भरले.

१९ डिसेंबरला आयसीसीने भारत-पाकिस्तानचे सामने त्रयस्थ ठिकाणी खेळवण्याचा निर्णय जाहीर केला, २४ तारखेला वेळापत्रक आले आणि त्यात खरोखरच दुबई होती. आमची खरी फसगत येथे झाली, असे मला आज वाटते. त्याने सांगितलेली बातमी खरी ठरली, म्हणून त्याचा व्यवहारही खरा असणार, असे आम्ही धरून चाललो. त्यानंतर ‘ठिकाण निश्चितीचा फरक’ म्हणून प्रत्येकी १२,००० आणि अंतिम सामन्यासाठी ३८,००० रुपये त्याने मागितले. भारत पोहोचला तर अंतिम सामना दुबईत, नाहीतर लाहोरला होणार होता; तरीही ‘तिकीट पक्के’ हेच त्याचे उत्तर होते. २५ जानेवारीला आसनक्रमांक आणि क्यूआर कोड असलेली तिकिटे आमच्या मोबाईलवर आली.

शारजात नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याला मी ती फेब्रुवारीत आनंदाने पाठवली. त्याचा लगेच फोन आला. ‘मामा, दुबईची तिकीटविक्रीच ३ फेब्रुवारीला सुरू झाली. आणि फायनलची तिकिटं पहिली सेमीफायनल झाल्यावर निघणार आहेत. तुम्हाला ही जानेवारीत कुठून मिळाली?’ तो फोन ठेवल्यावर बराच वेळ मला बोलता आले नाही.

टूरवाल्याने आठ दिवसांत पैसे परत करतो म्हणून सांगितले आणि आम्ही थांबलो, ही आमची सर्वांत महाग पडलेली चूक. नवव्या दिवशी कार्यालयाला कुलूप होते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, पोलिसांत फिर्याद दिली, परंतु तोवर ज्या खात्यांत पैसे गेले होते ती जवळजवळ रिकामी झाली होती. त्याच दिवशी कळवले असते तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता अधिक होती, असे अधिकाऱ्यांनी सांगितले.

आता मागे वळून पाहताना खुणा स्पष्ट दिसतात. पैसे कंपनीच्या नव्हे, तर वेगवेगळ्या व्यक्तींच्या खात्यांवर यूपीआयने मागितले गेले. बिल मागितल्यावर ‘बिलाविना कर वाचतो’ असे उत्तर मिळाले. वास्तविक परदेशी सहलीच्या पॅकेजवर त्या वर्षी ७ लाखांपर्यंत ५ टक्के टीसीएस (विक्रीच्या वेळीच ग्राहकाकडून घेतला जाणारा प्राप्तिकर) वसूल करणे टूर कंपनीवर बंधनकारक होते आणि त्यासाठी ती पॅन क्रमांक मागते. आमच्याकडे तो कोणी एकदाही मागितला नाही.

९ मार्चला भारत दुबईत जिंकला, तेव्हा शिवाजी चौकातला जल्लोष घरापर्यंत ऐकू येत होता. आमच्यातील एकाने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव या प्रवासासाठी मोडली होती. त्याला मी त्या रात्री फोनही करू शकलो नाही.

या विश्वचषकाचा अंतिम सामना अहमदाबादला ठरला आहे, मात्र पाकिस्तान पोहोचल्यास तो कोलंबोला होईल, अशी तरतूद आहे. म्हणजे तीच अनिश्चितता पुन्हा आहे. मी त्या मुलाला कंपनीच्या नावाचे बिल आणि आयसीसीच्या अधिकृत संकेतस्थळावरील विक्रीची तारीख मागायला सांगितले. त्याने तसा संदेश पाठवला. अद्याप उत्तर आलेले नाही.