स्पार्क्सचं ‘द नंबर वन साँग इन हेवन’: सात इंची, बारा इंची की अख्खी एलपी?

या गाण्याची रेकॉर्ड घ्यायला निघालं की आधी लांबीचा घोळ समोर येतो. ‘नंबर वन इन हेवन’ या एलपीवर, म्हणजे अख्ख्या अल्बमच्या तबकडीवर, ते ७ मिनिटं २६ सेकंदांचं आहे. १९७९ च्या सात इंची सिंगलवर, म्हणजे एकेका गाण्याच्या छोट्या तबकडीवर, त्याची लांबी जवळपास निम्म्यावर आणलेली. एरवी डिस्को गाण्याला कात्री लागली तर फारसं बिघडत नाही, चार आवर्तनं कमी होतात इतकंच. इथे बिघडतं, कारण गाण्याची घडणच दोन लयींची आहे. पूर्वार्ध तरंगता, संथ, ढगांवरून चालल्यासारखा. मग लय बदलते आणि उत्तरार्ध सुसाट सुटतो. विलंबित पुरेसं मुरल्याशिवाय द्रुताला मजा नाही, हे आपल्या कानांना वेगळं सांगायला नको.

लॉस एंजेलिसचे रॉन आणि रसेल मेल हे दोघे भाऊ म्हणजे स्पार्क्स. रॉन कीबोर्डवर, रसेल गायक. १९७४ मध्ये त्यांचं एक रॉक सिंगल ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं होतं, पण १९७६ आणि १९७७ चे अल्बम पडले. त्याच सुमाराला डॉना समरचं ‘आय फील लव्ह’ हे डिस्को गाणं आलं. त्याचा निर्माता जॉर्जिओ मोरोडर. आपण मोरोडरबरोबर काम करतोय, अशी थाप या भावांनी एका जर्मन पत्रकार बाईंना मारली. बाई नेमक्या मोरोडरच्या ओळखीच्या निघाल्या आणि थाप खरी झाली. गिटार जवळजवळ हद्दपार झाली, विजेवर सूर घडवणारे सिंथेसायझर आले, आणि मार्च १९७९ मधलं हे सिंगल ब्रिटनमध्ये चौदाव्या क्रमांकापर्यंत चढलं. श्रेयात दोघा भावांबरोबर मोरोडरचंही नाव आहे.

‘आय फील लव्ह’ घरात असेल तर हे कशाला, असं कुणी विचारेल. फरक ढोलात आहे. ‘आय फील लव्ह’मध्ये जवळपास सगळं ‘मूग’ (Moog) बनावटीच्या सिंथेसायझरवर आहे, फक्त पायाच्या ढोलाचा ठोका कीथ फोर्सीने वाजवलेला. स्पार्क्सच्या रेकॉर्डवर तोच फोर्सी पूर्ण ड्रमसेट घेऊन बसलाय. खालचा सिंथ-बास यंत्रासारखा तसूभर हलत नाही आणि वर माणूस घाम गाळतोय. त्यावर रसेलचा टिपेचा आवाज. म्हणून हे गाणं डिस्को असूनही रॉक बँडचंच वाटतं.

आता तबकडीकडे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीवर कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१ ते २२. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा मिळते, म्हणून आतल्या गाण्यांत ‘स’, ‘श’ आणि झांजा चरचरतात. आपलं गाणं नेमकं दुसऱ्या बाजूचं शेवटचं, आणि तेही उंच आवाजाचं. दिलासा एवढाच की त्या बाजूला तीनच गाणी आहेत, मिळून पावणेसतरा मिनिटं. त्यामुळे खाच अगदी लेबलापर्यंत नेण्याची सक्ती नव्हती. शंकूच्या टोकाच्या सुईपेक्षा लंबवर्तुळाकार टोकाची सुई इथे बरी. कार्ट्रिजचा, म्हणजे सुई बसवलेल्या भागाचा, कोन नीट जुळवा. सुईचा भार उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत वरच्या टोकाला ठेवा. भार कमी ठेवल्याने रेकॉर्ड वाचते हा गैरसमज आहे, उलट सुई उडते आणि खाच खरवडते.

बारा इंची सिंगलवर हा प्रश्न बराच सुटतो. एका बाजूला एकच लांब गाणं, त्यामुळे खाचा रुंद, बास भरदार, आवाज मोठा. ब्रिटिश प्रतींवर व्हीएस २४४ (VS 244) हा कॅटलॉग क्रमांक शोधा. बारा इंचीवर त्याच्या शेवटी १२ जोडलेला असतो. रंगीत प्रतीही निघाल्या. त्या दिसायला छान, पण रंगासाठी जास्त पैसे मोजण्याआधी खाचा उजेडात तिरक्या धरून बघा. डिस्कोच्या रेकॉर्डी नाचाच्या रात्रींत जड सुयांखाली झिजलेल्या असतात आणि ती झीज फोटोत दिसत नाही.

सात इंची फक्त संग्राहकाने घ्यावी.

याच अल्बममधलं ‘बीट द क्लॉक’ ब्रिटनमध्ये याहून वर, दहाव्या क्रमांकावर गेलं. ते एलपीवर ४ मिनिटं २३ सेकंदांचं, थेट, एकाच लयीचं. पार्टीत लावायला हेच सोपं, कारण पहिल्या सेकंदापासून पाय हलतात. ‘हेवन’ लावलंत तर सुरुवातीच्या संथ भागात माणसं पाणी प्यायला जातात. तरी एकच निवडायचं तर आम्ही ‘हेवन’ निवडू, आणि तेही बारा इंची. स्पार्क्सशी पहिलीच ओळख असेल तर मात्र एलपी घ्या. सहा गाणी, चौतीस मिनिटांच्या आत सगळं, आणि भरतीचं एकही नाही. गंमत म्हणजे तो अल्बम ब्रिटनमध्ये ७३व्या क्रमांकाच्या वर सरकलाच नाही.

स्ट्रीमिंगवर ऐकून ठरवणार असाल तर साल तपासा. १९९७ च्या ‘प्लेजरिझम’ अल्बमसाठी स्पार्क्सने हेच गाणं गायक जिमी सॉमरव्हिलबरोबर पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. शोधात दोन्ही शेजारी-शेजारी येतात. दुकानात ऐकायची सोय असेल तर एलपीची दुसरी बाजू सुरुवातीपासून लावू नका. सुई थेट शेवटच्या दोन मिनिटांवर टेकवा आणि रसेलच्या आवाजातला ‘स’ ऐका.