‘एअरक्राफ्ट ग्रेड’च्या नावाखाली साधी शीट : सावध राहा

छोटं विमान स्वतः बांधणाऱ्यांनो, खिडक्यांसाठी शीट घेताना ‘एअरक्राफ्ट ग्रेड’ या नुसत्या शब्दांसाठी एक पैसाही जास्त देऊ नका. एका विक्रेत्याने माझ्याकडून साध्या शीटच्या दुपटीहून अधिक घेतले आणि कास्ट अ‍ॅक्रिलिक (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) म्हणून एक्स्ट्रुडेड माल गळ्यात मारला.

दिसायला दोन्ही सारखीच, नितळ. पण कास्ट शीट साच्यात ओतून घट्ट करतात. एक्स्ट्रुडेड यंत्रातून दाबून, ओढून काढतात, त्यामुळे तिच्यात ताण अडकून राहतो. पहिली शंका आली ती भोकं पाडताना. कोरडा चुरा पडायच्या ऐवजी प्लास्टिक वितळून ड्रिलला दोऱ्यासारखं गुंडाळलं जात होतं. विक्रेता म्हणाला, "तुमचं ड्रिल फार जोरात फिरतंय." वेग कमी केला, तरी तेच. मग उरलेल्या तुकड्यातून नेमका चौरस कापला आणि ओव्हनमध्ये १६० अंशांपर्यंत तापवला. चौरसाचा आयत झाला! कास्ट शीट लांबी-रुंदीत सारखीच, साधारण २ टक्के आकसते. ओढून काढलेली मुख्यतः एकाच दिशेने. खरी चलाखी तर शीटवरच्या संरक्षक कागदाखाली होती. कडेला मूळच्या प्लास्टिक फिल्मच्या चिंध्या चिकटलेल्या. म्हणजे एक्स्ट्रुडेड मालाची फिल्म सोलून वर कास्टसारखा छापील कागद डकवलेला.

तक्रार केली तर हा गडी बदली म्हणून पॉलीकार्बोनेट, म्हणजे वेगळ्याच जातीचं पारदर्शक प्लास्टिक, द्यायला निघाला. "हातोड्यानेही फुटत नाही!" तेवढं खरं. पण पेट्रोल लागलं की त्याला बारीक चिरा जातात, ओरखडेही लवकर उठतात, हे तो बोललाच नाही. माझ्या विमानात टाकीचं तोंड विंडशील्डच्या अगदी पुढ्यात आहे.

सर्टिफिकेट मागितलं, तर त्याने बिलावरच शिक्का मारून दिला. मिल-पीआरएफ-५४२५ किंवा ८१८४ (पूर्वीचं नाव मिल-पी) असा अमेरिकन लष्करी स्पेसिफिकेशनचा आकडा आणि उत्पादकाच्या सर्टिफिकेटशी जुळणारा बॅच नंबर, हे दोन्ही पैसे देण्याआधी बघा. तापवून पाहायला तुकडाही मागा. टाळाटाळ झाली तर सरळ उठा.

पैसे अजून अडकलेत. त्याचं ताजं म्हणणं असं, की मी स्क्रू घट्ट आवळले म्हणून भोकांभोवती चिरा गेल्या. अ‍ॅक्रिलिक अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावतं, म्हणून भोकं सैल ठेवायची, हे मलाही ठाऊक आहे. पण ती शीट अजून चौकटीत बसवलेलीच नाही.