मिनी फॅलेनॉप्सिस घरात: थंडी, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा बघून झाल्यावर

दिवाळीच्या सुमारास नर्सरीतून फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिस हे छोट्या आकाराचं ऑर्किड आणलं होतं. आता पाऊस अर्धा सरलाय, म्हणजे पुण्याचे सगळे ऋतू त्याने आमच्या घरात काढले, म्हणून आता लिहायला हरकत नाही. फ्लॅटमधे जागा कमी असेल तर मोठ्या फॅलेनॉप्सिसपेक्षा हेच घ्या. पानं फार तर वीतभर, कुंडी तीन इंची, फुलं दोन-तीन सेंटीमीटरची, फिकट गुलाबी आणि मधला ओठ (मधली वेगळ्या आकाराची पाकळी) गडद. सगळी एकदम उमलत नाहीत, दांडीच्या टोकाला नवीन कळ्या येतच राहतात, त्यामुळे मागची गळली तरी पुढे काहीतरी फुललेलं असतंच, आणि असं महिनोन् महिने चालतं.

मूळचं हे फिलिपिन्स आणि तैवानचं, गरम दमट जंगलात झाडाच्या फांदीवर वाढणारं. ऑर्किडमधे सगळ्यात आधी ज्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय आराखडा, वाचला गेला ते हेच, २०१५ साली तो नेचर जेनेटिक्स या शास्त्रीय नियतकालिकात आला, एवढ्याशा रोपाचं मला भारी कौतुक आहे!

आता पाणी. "आठवड्यातून एकदा" हा सल्ला सगळीकडे मिळतो, तो सोडून द्या आणि मुळं बघायला शिका. त्यासाठी पारदर्शक कुंडीच हवी. कोरडं मूळ रुपेरी-पांढरं दिसतं, पाणी पडलं की बघता बघता हिरवं होतं, कारण वरचं स्पंजासारखं आवरण पाणी पितं आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. रुपेरी झालं की पाणी द्यायचं, हिरवं आहे तोवर हात लावायचा नाही, बस. मिनीची कुंडी लहान म्हणून ती मोठ्या रोपापेक्षा लवकर सुकते, एप्रिलमधे मी दिवसाआड पाणी घालत होते आणि आत्ता आठ-आठ दिवस लागत नाही, मग कॅलेंडर बघून कसं जमणार?

पावसाळ्यात खरा प्रश्न पाण्याचा नाहीच, हवेचा आहे. हवेत ओलावा असतोच, पण ती साचून राहिली आणि पानांच्या मधे, जिथून नवीन पान येतं तिथे, रात्रभर पाणी थांबलं तर गाभा कुजतो, आणि याला वाढीचा शेंडा एकच, तो गेला की बहुतेक वेळा रोपच जातं. म्हणून पाणी सकाळीच, मधे थेंब पडला तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्यायचा, आणि लांबून छोटा फॅन हळू चालू ठेवायचा. माझ्या मते खतापेक्षा तो फॅन महत्त्वाचा.

नर्सरीचं रोप बऱ्याचदा मॉसच्या (वाळवलेल्या शेवाळाच्या) घट्ट गोळ्यात येतं, वरून कोरडं आणि आतून ओलं गच्च. पहिला बहर संपल्यावर तो गोळा सोडवून बारीक बार्क (झाडाच्या सालीचे तुकडे), कोळशाचे तुकडे आणि थोडं मॉस असं घालून घेतलं, मऊ पडलेली मुळं कापली. नुसतं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) अजिबात नको, मुळं गुदमरतात. खत म्हणजे आपलं शेतीच्या दुकानात मिळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं), लिटरला अर्धा ग्रॅम, तेही नवीन पान किंवा मूळ निघत असेल तेव्हाच, आणि अधूनमधून नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढायची म्हणजे क्षार साचत नाहीत. उजेड पूर्वेच्या खिडकीतला, कोवळं ऊन चालतं, दुपारचं नको, पानं भाजतात. थंडीत पुण्यात रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरतो तेव्हा गॅलरीत ठेवू नका, आत घ्या.

अजून एक, मे महिन्यात घरात आंब्याची पेटी आली की ऑर्किड दुसऱ्या खोलीत हलवा. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कळ्या न उमलताच पिवळ्या पडून गळतात.

फुलं संपली म्हणून हिरवी दांडी कापू नका, हे कळकळीने सांगते. याच्या जुन्या दांडीला परत फांद्या फुटतात आणि पिल्लं, म्हणजे दांडीवरच वाढणारी छोटी रोपं, पण धरतात. माझ्याकडे सध्या एक आहे, दोन पानं, आणि खाली मुळाचं हिरवं टोक नुकतं बाहेर आलंय. मुळं दोन इंच होईपर्यंत ते आईवरच राहू द्यायचं, मग दांडीच्या तुकड्यासकट कापून मॉसमधे लावायचं.

घ्यायला जाल तेव्हा फुलांनी लगडलेलं रोप सोडा, कुंडी उचलून मुळं बघा, कडक आणि टोकाला हिरवी असतील तर फुलं कमी असली तरी तेच घ्या.