सराफ बाजारातला मॉर्गन डॉलर: घ्यावा का?

नाशिकच्या सराफ बाजारात मोडीच्या चांदीत मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं दिसलं, तर आधी काटा मागा. वजन 26.73 ग्रॅम, व्यास 38.1 मिलिमीटर, चांदी 90 टक्के, बाकी तांबं. निव्वळ चांदी 24 ग्रॅम. त्या दिवशीच्या दराने तिचे जे होतील तोच मूळ भाव. 1921 सालच्या झिजलेल्या नाण्याला त्यावर फार देऊ नका, त्या एका वर्षात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने सुमारे साडेचार कोटी पाडले होते.

इतके का? 1918 च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने 27 कोटी डॉलर वितळवले, त्यांची भरपाई करायची होती. वितळलेली बहुतेक चांदी आली हिंदुस्थानात. युद्धकाळात लोक नोटा देऊन रोख रुपये मागत होते आणि सरकारकडची चांदी आटत चालली होती. कलदार रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात निव्वळ चांदी 10.69 ग्रॅम. म्हणजे एका डॉलरच्या चांदीत सव्वादोन रुपये! आजीच्या डब्यातल्या 1919-20 च्या पंचम जॉर्ज रुपयात एखादा डॉलर विरघळलेला असू शकतो. आमच्या मते या नाण्याची खरी गंमत हीच.

नकली मात्र भरपूर. चलनासाठी मॉर्गन 1878 ते 1904 आणि मग थेट 1921 मध्ये पडले. 1910 सालचा कुणी दाखवला तर पुढे बोलूच नका. कार्सन सिटी टांकसाळीची 'सीसी' खूण मागच्या बाजूला, पुष्पचक्राच्या गाठीखाली असते, पण 1886 ते 1888 या सालांवर ती असूच शकत नाही. लोहचुंबकावर विसंबू नका, मुलामा दिलेलं पितळही त्याला चिकटत नाही. पाण्याची परीक्षा बरी: 0.01 ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि दोऱ्याने नाणं पूर्ण बुडवा, तळाला न टेकवता. आकडा 2.6 च्या आसपास यायला हवा. पितळ असेल तर तीनच्या वर जातो. नाण्याला बुडबुडे चिकटले तरी आकडा चढतो, तेव्हा ते झटकून पुन्हा पाहा.

1971 ते 1978 चा आयझेनहॉवर डॉलर आकाराने हुबेहूब तेवढाच, पण चलनातला 22.68 ग्रॅमचा आणि त्यात चांदी नाही. कडेला तांब्याची रेघ दिसते.

माळेसाठी कडी लावून मग काढलेल्या नाण्याच्या कडेवर डाग राहतो. असं नाणं फक्त वजनावर घ्या. 'चकाचक करून देतो' म्हटलं तर थांबवा. चिंच, रिठा, भांड्यांची पावडर यांनी वरची मूळ झळाळी जाते, ती परत येत नाही. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलं तर हिरवट चिकटा धरतो.

बिलावर वजन आणि '900 शुद्धता' (म्हणजे 90 टक्के) लिहून घ्या, नाहीतर मोडताना वाद होतो.