देणगीची पावती, आधीच भरलेला तक्ता आणि आईच्या टाचेवरची जखम

आईला ज्या खासगी वृद्धाश्रमात ठेवलं होतं त्याची अनामत २,००,००० रुपये. दरमहा ३२,०००. फिजिओथेरपीचे वेगळे ६,०००, रात्रीच्या खास मावशींचे ७,५००, डायपरचे साधारण ४,८००. आकडे आधीच सांगते, कारण "स्वस्तातलं शोधलं असेल, मग असंच होणार" असं तोंडावर ऐकवणारे नातेवाईक मला भेटलेत. स्वस्तातलं नव्हतं. माझ्या पगारातला आणि भावाच्या पाठवलेल्या पैशातला मोठा हिस्सा तिथे जात होता.

संस्थेचं नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी सक्त मनाई केलीय. पण पुणे, पनवेल, कर्जत, बदलापूर, नाशिक, कुठल्याही शहराच्या कडेला बंगला भाड्याने घेऊन अशा जागा सुरू झाल्यात. पद्धत सगळीकडे ओळखीची वाटेल.

आई ८१ वर्षांची. डिमेन्शिया. त्यात घरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंगला लिफ्ट नाही. भाऊ परदेशात. ब्यूरोच्या बायका रात्रपाळीला टिकेनात. आईला आश्रमात टाकली असं बोलणाऱ्यांनी रात्री तीनला सगळ्या दारांच्या कड्या काढत फिरणाऱ्या माणसाला सांभाळून सकाळी कामावर जाऊन दाखवावं, मग बोलावं.

जागा बघायला गेलो तेव्हा सगळं होतं. बाग, तुळशीवृंदावन, संध्याकाळचं भजन, बाथरूममध्ये धरायचे दांडे. मॅनेजर बाई प्रत्येकाला आजी, आजोबा म्हणत होत्या. "२४ तास नर्स आहे, ताई. तुम्ही फक्त भेटायला या, बाकीचं आमच्यावर सोडा." नर्स म्हणजे कोण, एएनएम (साहाय्यक परिचारिका) की जीएनएम (पूर्ण शिकलेली परिचारिका), महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आहे का, हे विचारा. रात्री नक्की किती माणसं असतात आणि ती किती जणांना बघतात, तेही विचारा. बाग बघू नका. बागेत कोणाची आई झोपत नाही.

अनामत भरली, पावती आली ट्रस्टच्या नावाची. वर "देणगी" छापलेलं. मी तिथल्या तिथे विचारलं. बाई म्हणाल्या, "ट्रस्ट आहे ना, ऑडिटसाठी तसं लिहावं लागतं. अनामत तुमची तुम्हाला परत." बाहेर रिक्षात आई कण्हत बसलेली, खोली एकच शिल्लक. अशा वेळी पावतीवर भांडत बसणारा माणूस मला दाखवा. पण तुम्ही भांडा. देणगी लिहिलेली पावती घेऊन पैसे देऊ नका, आणि द्यावेच लागले तर "ही परतफेडीची अनामत आहे" एवढं एक वाक्य त्यांच्याकडून व्हॉट्सअॅपवर तरी लिहून घ्या.

पहिले महिने बरे गेले. फोटो यायचे. हळदीकुंकू, वाढदिवसाचा केक, फिजिओथेरपिस्ट आईचा पाय धरून उभा. हा शेवटचा फोटो मी नंतर नीट पाहिला. महिनोन्‌महिने तोच फोटो येत होता. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान जुनंच होतं आणि आईच्या अंगावर तोच जांभळा गाऊन.

आता तो रविवार. मी न कळवता गेले. गेटवर बसवून ठेवलं, "आजींची आंघोळ चाललीय." आत गेले तर आई गाढ झोपलेली, केस कोरडे. हाक मारली, डोळे उघडले, परत मिटले. पलंगाच्या पायथ्याला क्लिपबोर्ड लटकवलेला. त्यावर औषधांचा तक्ता, खाली कूस बदलल्याची नोंद (पडून राहून जखमा होऊ नयेत म्हणून), दर दोन तासांचा रकाना. सकाळचे अकरा वाजले होते. रात्री नऊच्या गोळीपुढे टिक होती आणि शेजारी सही. कूस बदलल्याच्या रकान्यात रात्री दहापर्यंत टिका, सगळ्या एकाच निळ्या पेनने, एका ओळीत, एकाच हाताच्या. मी तिथल्या मुलीला विचारलं, हे काय? ती अगदी सहज म्हणाली, "आज स्टाफ कमी आहे ना ताई, म्हणून भरून ठेवलं."

मी बँकेत काम करते. न झालेल्या व्यवहाराची नोंद कुणी आधी करून ठेवली तर मी त्याला जागेवरून उठवते. आणि तिथे मी त्या मुलीला "बरं" म्हणाले. हे अजून पोटात जळतं. त्याच दिवशी मे महिन्याच्या उकाड्यात आईच्या पायात लोकरीचे मोजे होते. "पाय गार पडतात त्यांचे," असं सांगितलं. मी मोजे काढले नाहीत. काढायला हवे होते, हे आज कोणीही सांगेल. पण पांघरूण नीट, चादर स्वच्छ, खोलीत फिनेलचा वास. ज्या बायका रोज आईला भरवतात त्यांच्यावर संशय घ्यायचा, आणि माझ्यामागे त्याच आईवर राग काढतील ही भीती वेगळीच. ही भीती त्यांना पक्की माहीत असते. सगळा धंदा त्यावर चालतो.

पुढे ताप आला म्हणून हॉस्पिटलमध्ये हलवलं. मोजा काढला तर टाच काळी पडलेली. कमरेखाली माकडहाडावर हाताचा तळवा जाईल एवढी जखम, त्यावर टाल्कम पावडर थापलेली. डॉक्टर म्हणाले, ही चार दिवसांतली नाही. फाईलमध्ये क्वेटियापिन हे गुंगी आणणारं मानसोपचाराचं औषध निघालं, आईच्या डॉक्टरांनी कधीच न लिहिलेलं. झोप का उडत नव्हती ते तेव्हा कळलं. हॉस्पिटलचं बिल १,८६,३४० रुपये.

सामान आणायला गेले तेव्हा बिलात १८,५०० रुपयांना लावलेला एअर बेड कपाटावर खोक्यात होता, चिकटपट्टीसुद्धा फोडली नव्हती. रात्रीची खास मावशी सगळ्या मजल्याला मिळून एकच. सात महिन्यांचे फिजिओचे ४२,००० आणि मावशींचे ५२,५०० असे गेले.

अनामत मागितली. व्हॉट्सअॅपवर हिशेब आला: नोटीस न दिल्याचे ३२,०००, एअर बेड १८,५००, खोलीचा रंग १५,०००, बाकी १,३४,५०० महिनाभरात देऊ. महिना झाल्यावर उत्तर आलं की आपण दिलेली रक्कम देणगी आहे, देणगी परत होत नाही. आज माझ्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा तोच पहिला मेसेज आहे. चॅट डिलीट करू नका. तक्त्याचा फोटो मी काढला नव्हता. तुम्ही प्रत्येक भेटीत काढा.

आता सरकारदरबारी काय झालं ते ऐका. पोलीस ठाण्यात साहेबांनी पावती उलटसुलट केली आणि म्हणाले, "मॅडम, ही दिवाणी बाब आहे." जखमेचे फोटो दाखवले, तर "वय झालंय ना त्यांचं." समाजकल्याणवाले म्हणाले, आमच्याकडे अनुदानित वृद्धाश्रमांची यादी आहे, ही संस्था त्यात नाही. आरोग्य विभागात सांगितलं, ते हॉस्पिटल नाही, १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यात बसत नाही. जिथे नर्सचे पैसे घेतात, औषधं देतात, कॅथेटर बदलतात, ते बसत नाही! धर्मादाय कार्यालयात अर्ज घेतला, पोच दिली, पुढे शांतता. ज्येष्ठ नागरिकांच्या न्यायाधिकरणाकडे जा, असंही एकाने सुचवलं. तिथे कळलं की २००७ चा कायदा मुख्यतः मुलांकडून निर्वाहखर्च मिळवण्यासाठी आहे. वृद्धाश्रमांबद्दल त्यात आहे ते एवढंच की सरकारने जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा आश्रम काढावा. खासगी आश्रमांची नोंदणी करणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं. ते मंजूर न होताच लोकसभेची मुदत संपली आणि विधेयकही गेलं. म्हणजे चहाच्या टपरीला परवाना लागतो आणि अंथरुणाला खिळलेली माणसं ठेवायला आत येऊन तपासणारा कोणी नाही. प्रत्येक टेबलावर माझ्याकडे बघण्याची नजर तीच: स्वतः आईला ठेवलं आणि आता तक्रार करतेय. पैसे मोजून सेवा घेतली होती, भीक मागितली नव्हती.

दाद लागायची जागा शेवटी ग्राहक आयोगच निघाली. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर मिळतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइनही आहे. हॉस्पिटलच्या डिस्चार्ज कार्डावर "दाखल होताना बेडसोर" (पडून राहून झालेली जखम) हे शब्द लिहून घ्या, नाहीतर समोरचा वकील म्हणेल की जखम हॉस्पिटलात झाली. आमच्या प्रकरणात तो हेच म्हणतोय.

ज्यांचे आईवडील आत्ता अशा ठिकाणी आहेत त्यांनी या रविवारी न कळवता जावं. मोजे काढा, टाचा बघा, कुशीवर वळवून माकडहाड बघा. कर्मचाऱ्यांना वाईट वाटलं तर वाटू दे. आई आता माझ्याकडे आहे, खाली भाड्याने घेतलेल्या तळमजल्यावरच्या खोलीत. टाच अजून भरलेली नाही, दिवसाआड ड्रेसिंग चालू आहे, त्याचे एका वेळचे ६०० रुपये होतात.