भरतीचं घड्याळ: वेळ सांगतं, उधाण सांगत नाही

बडोद्याला समुद्र नाही, तरी आमच्या दांडिया बाजारातल्या घरी देवघराच्या दारावर दीड वर्षापासून भरती-ओहोटीचं घड्याळ आहे. आईचं माहेर अलिबाग. शिवाय दर एक-दोन महिन्यांनी आम्ही पादरा-जंबुसर मार्गे कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाला जातो. तिथलं शिवलिंग भरतीच्या पाण्यात बुडतं, ओहोटीला पुन्हा उघडं होतं. वेळ चुकली की दर्शन हुकलं. म्हणून ऑनलाइन 1,450 रुपयांना हे घड्याळ मागवलं. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे.

घड्याळाला एकच काटा. वर 'भरती', खाली 'ओहोटी', आणि एक फेरी 12 तास 25 मिनिटांची. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो आणि दिवसात दोन भरत्या येतात, त्यावरून हा हिशेब. पौर्णिमेला किंवा अमावास्येला, आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती असेल त्या क्षणी काटा वर नेऊन ठेवायचा. एक पेन्सिल सेल वर्षभर पुरला. काम नेटकं आहे, आवाज नाही.

'आपल्या किनाऱ्यावर' हे शब्द सोबतच्या कागदावर ठळक हवे होते. आम्ही आधी मुंबईच्या वेळेवर काटा लावला. आईचा माहेरचा हिशेबही तोच सांगत होता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबई-अलिबागला हे बरोबर जुळतं. पण खंभातच्या आखातात आत शिरायला त्याच पाण्याला आणखी काही तास लागतात. आम्ही घड्याळातली ओहोटी गाठून कंबोईला पोहोचलो, तर देऊळ पाण्यात! मग समोरच्या काठावरच्या भावनगरचा तक्ता बघून काटा पुन्हा लावला. भारतीय सर्वेक्षण विभाग असे तक्ते दरवर्षी छापतो.

आता खरी उणीव. हे घड्याळ पाणी कधी चढेल ते सांगतं, किती चढेल ते नाही. एकदा आम्ही अष्टमीला गेलो होतो. काटा अगदी वर होता, पण पाणी सुस्त. आई म्हणाली, "भांगाचं पाणी आहे, त्यात जोर नसतो." अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, म्हणून भांग.

याउलट 2025 चा गुढीपाडवा. 30 मार्च, रविवार. सकाळी गुढी उभारली, श्रीखंड डब्यात घेतलं आणि निघालो. अमावास्या आदल्याच दिवशी झाली होती, म्हणजे सूर्य आणि चंद्र एकाच रेषेत ओढत होते, म्हणून उधाण. त्यात चंद्र पाडव्याच्याच दिवशी त्या फेरीत पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आला होता, सुमारे 3,58,000 किलोमीटरवर. त्याचं सरासरी अंतर 3,84,400. फरक थोडाच वाटतो, पण भरतीचा जोर अंतराच्या घनाच्या उलट प्रमाणात बदलतो, म्हणजे चंद्राची ओढ सरासरीपेक्षा जवळपास 24 टक्के जास्त. शिवाय विषुवदिन, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, नुकताच होऊन गेलेला. त्या सुमारास सूर्य-चंद्र दोघेही विषुववृत्ताजवळ असतात आणि दिवसातून दोनदा येणाऱ्या भरत्या फुगतात. तिन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यात आल्या होत्या. त्यात हे आखात नरसाळ्यासारखं निमुळतं, पाण्याला पसरायला जागाच नाही. भावनगरला उधाणाचा चढउतार दहा मीटरच्या घरात जातो, मुंबईला पाचच्या आसपास.

दर्शन झाल्यावर आम्ही काठावर सावलीत बसलो. पाणी गाळावरून चालत आलं असं म्हणता येणार नाही, ते पळतच आलं. आई हात जोडून उभी होती. देऊळ बुडेपर्यंत तिने कुणाशी एक शब्द बोलला नाही. घरी परतल्यावर घड्याळाकडे पाहिलं, तर तो काटा अष्टमीला असतो तसाच शांत फिरत होता.

आणखी दोन गोष्टी जाणून घ्या. भरतीचा उशीर रोज सारखा नसतो: उधाणात 50 मिनिटांपेक्षा कमी, भांगात तासाच्याही वर. काटा मात्र एकाच चालीने चालतो, त्यामुळे मधल्या दिवसांत तो चुकतो आणि पुढच्या अमावास्येच्या सुमारास पुन्हा जुळतो. दुसरं म्हणजे, तबकडीचे दोन्ही अर्धे समान आहेत, पण आखाताच्या आतल्या भागात पाणी चढतं लवकर आणि उतरतं सावकाश. काटा 'ओहोटी'वर आला तरी पाणी अजून ओसरतच असतं, आणि एकदा फिरलं की तबकडीच्या अंदाजापेक्षा भराभर वाढतं. मुलांना घेऊन गाळात उतरू नका.

तक्त्यातल्या आकड्याचंही समजून घ्या. 'दहा मीटर' म्हणजे पायऱ्यांवर दहा मीटर पाणी नव्हे. ही उंची नकाशाच्या तळपातळीपासून मोजतात, म्हणजे साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पाण्यापासून. वारा किनाऱ्याकडे असेल किंवा हवेचा दाब उतरला असेल, तर खरं पाणी तक्त्याहून वर जातं. एक मिलिबार दाब उतरला की सुमारे एक सेंटीमीटर.

दर्शनाची वेळ साधायची असेल तर घड्याळ जरूर घ्या. आमच्याकडे त्याच खिळ्याला आता पंचांगही टांगलंय. निघायच्या आदल्या रात्री आई आधी तिथी विचारते, मग काटा.